पंखो

साठच्या वेगाला गाडी गार असते.
म्हार्दोळच्या मोकळ्या रस्त्यावर तर
त्यांच्या निजलेल्या उजव्या हातावर काटा येतो,
मी पाहिलाय.
पण बाणस्तारीच्या पुलाआधी रांग लागली
की जाळीतून येतो तो नुसता श्वास,
कुणी तोंड उघडं टाकून झोपल्यासारखा.

मे महिना. दर मंगळवारी बांबोळी.
धारबांदोड्याहून निघताना सीट म्हणजे तवा,
पट्ट्याचं बक्कल फडक्याने धरायचं.
मी चौपन्नाव्या वर्षी गाडी शिकले,
कारण चालवणारा माणूस
एका सकाळी डावीकडे जाऊन बसला.

यांच्या तीन टिपर होत्या खाणीवर.
अंथरुणात पडल्या पडल्या, रस्त्यावरचा आवाज ऐकून
सांगायचे, कुठल्या इंजिनाला काय दुखतंय.
आता शब्द तीन:
व्हय. ना.
आणि ‘सुल’, सुलक्षाचं तेवढंच उरलं.

मस्कतहून तन्वेश फोनवर शिकवतो:
निघताना काचा खाली कर, कोंडलेली हवा जाऊ दे,
मग बाहेरची वाट बंद करायचं बटण,
आणि आतला फिल्टर, आई, कधी बदललास?
कधीच नव्हता बदलला.
कप्प्यामागून निघाली लाल धूळ
(खाण बंद होऊन इतकी वर्षं झाली),
आबोलीच्या पाकळ्या, कसलासा एक पाय.
कचऱ्यात टाकायला गेले
आणि बराच वेळ तशीच उभी राहिले.

फरक पडला. थोडा.

फोंड्याच्या मेकॅनिकने बॉनेट न उघडताच म्हटलं, गॅस.
दोन हजार दोनशे.
बाणस्तारीला पुन्हा तेच.

त्याच रांगेत यांनी तोंड उघडलं:
“पंखो.”
चौथा शब्द! मी एवढी हरखले
की क्लच सुटला, गाडी बंद पडली.
“पंखो. पंखो.”
होय हो, घरी गेल्या गेल्या लावते.
“ना.”
मग एमआरआयची फाईल घेऊन वारा घातला,
एक हात स्टिअरिंगवर.
त्यांनी ती हिसकावून पायाशी टाकली
आणि डाव्या हाताच्या बोटाने हवेत
एक गोल काढला. पुन्हा गोल. पुन्हा.
थेरपिस्टला मी सांगितलं,
चिडचिड वाढलीय.
तिने लिहून घेतलं.

तिस्क-उसगावला कायतान, टायरच्या दुकानामागे.
हा बोलला कमी.
इंजिन चालू ठेवून दोन नळ्यांना हात लावला,
एक घामेजलेली, एक चटका देणारी.
दोन घड्याळं जोडली, निळं आणि लाल.
लाल काटा चढत गेला.
मग त्याने समोरच्या जाळीवर पाण्याची धार सोडली:
तांबडं पाणी वाहिलं, काटा उतरला,
आत हात घातला तर हिवाळा.
धार काढली. काटा वर.
स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने त्याने मोटर ठोकली.
पाती शहारली, अर्धा फेरा फिरली,
थांबली.

“गॅस आसा, बाय. पंखो चलना.
गाडी धावते तेव्हा वारा फुकट मिळतो.
उभी राहिली की कोण देणार?”

मी वळून पाहिलं.
टायरवाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीत ते बसले होते,
मुद्दाम रस्त्याकडे तोंड करून.
मला ती पाठ ठाऊक आहे.
तीस वर्षांत जेव्हा जेव्हा मी चुकले
आणि ते बरोबर निघाले,
तेव्हाची ती पाठ.

मोटर मडगावहून यायला तीन दिवस लागले.

आज रांगेत उभे आहोत.
मागे मासळीचा टेम्पो हॉर्न वाजवतोय,
गाडीखाली पाणी ठिबकतंय, पुढे कुठेतरी
तो घरघरतो, थांबतो, पुन्हा घरघरतो.
“पंखो,” मी म्हटलं.
“व्हय.”
मग बऱ्याच वेळाने, काचेकडे बघत:
“थंड.”

पाचवा.
तक्रार की शाबासकी, कळेना.
बटणाकडे गेलेला हात मी मागे घेतला
आणि त्यांच्या बोटाकडे बघत राहिले,
ते काय काढतंय ते कळेपर्यंत.
रांग हलली तर हलू दे.